सैल बांगड्या

"आक्का, तुमची नजर अधू झालीय, हे तुम्हाला कुणी सांगत कसं नाही?"

शाल्मलीनं हे हळू आवाजात विचारलं, पण विचारलंच. गिऱ्हाईक नुकतंच दुकानातून उठून गेलं होतं.

सोनाक्का कासार बांगड्यांच्या जुडीचा दोरा सोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय झालं?"

"त्या वैजंताचा हात सव्वादोनचा आहे. तुम्ही तिला अडीचच्या भरल्या. मागच्या खेपेलाही तसंच. हात खाली सोडला की ओघळून पडतील."

"मग?"

"मग काय? माप चुकलं ना!"

सोनाक्का दोरा गुंडाळत राहिली...

"तिलाच इचार की," ती म्हणाली.

शाल्मलीनं विचारलं नाही. जे आपल्याला धडधडीत दिसतंय ते दुसऱ्याला कशाला विचारायचं, असा तिचा स्वभाव होता. समाजकार्याच्या परीक्षेत ती विद्यापीठात पहिली आली होती, आणि पहिला आलेला माणूस ती गोष्ट सहसा विसरत नाही.

निंबळी गावात, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी एक आधार केंद्र होतं. तिथं स्वयंसेविका व्हायला शाल्मली शहरातून आली होती. बरोबर वह्या होत्या, कायद्याची पुस्तकं होती आणि मनात पुष्कळ उत्साह होता. पण केंद्राचा एक विचित्र नियम होता. नव्या माणसानं आधी तीन महिने सोनाक्काच्या दुकानात बसायचं आणि बांगड्या भरायला शिकायचं.

सोनाक्का केंद्राची सर्वांत जुनी स्वयंसेविका. पगार नाही, पद नाही, कुठल्या कागदावर सही नाही. तिला नवरा होता की नव्हता, असला तर कुठं होता, हेही गावात कुणी विचारत नसे.

शाल्मलीला वाटलं होतं, म्हातारी काहीतरी शिकवेल. पीडित बाईशी कसं बोलावं, तिला धीर कसा द्यावा, तिचं मन कसं वळवावं...

सोनाक्का फक्त म्हणायची, "अंगठा आत घे, बाई. हात मऊ सोड."

आणि बाईचा हात आपल्या हातात घेऊन बसायची. लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

दोन महिन्यांत शाल्मली बांगड्या भरायला शिकली. बोटं कशी चुरायची, सांध्यावरून काच कशी फिरवायची, हे तिच्या हाताला पटकन कळलं. नुसता हात हातात घेऊन ती माप सांगू लागली. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की गुरूचंच माप चुकतंय.

गावालाही ते ठाऊक होतं. सोनाक्का कुणाला बरोबर भरायची, कुणाला ढगळ. सासवा हसायच्या. "म्हातारीला दिसतंय कुठं आता!" म्हणायच्या. ती मोजायलाही चुकायची. दोन्ही हातांत मिळून दहा बांगड्या भरताना एकेका बांगडीला पुटपुटायची, "नऊ... चार... शून्य..."

शून्य नंबरची बांगडी कधी कुणी ऐकली आहे? शाल्मलीला तिची कीव यायची.

पंचमी चार दिवसांवर आली होती. सोनाक्का मागच्या खोलीत जेवायला गेली आणि तेवढ्यात वैजंता आली. बरोबर सासू होती.

"म्हातारी न्हाई व्हय?" सासू म्हणाली. "बरं झालं. तू भर गं पोरी. सणाला तरी सुनेचा हात नीट दिसू दे."

शाल्मलीनं वैजंताचा हात हातात घेतला. सव्वादोन. अगदी चोख.

"ताई," वैजंता हळूच म्हणाली, "सैलच द्या."

"अहो, पडतील! मापाच्या किती छान दिसतात बघा तरी."

वैजंतानं तिच्याकडं पाहिलं. मग सासूकडं पाहिलं...

मग तिनं अंगठा आत घेतला.

एकही बांगडी तडकली नाही. दहाच्या दहा हिरव्यागार बांगड्या मनगटांवर अशा बसल्या की शाल्मलीला स्वतःचंच कौतुक वाटलं. रिवाजाप्रमाणे वैजंता वाकून नमस्कार करायला गेली, तेव्हा तिचे हात थंडगार होते.

"हे बघ, असं पायजे," सासू म्हणाली. "म्हातारीपरास पोरगी हुशार हाय."

सोनाक्का हात पुसत बाहेर आली, तेव्हा दोघी गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या.

"वैजंता येऊन गेली, आक्का. सासूबाई खूश झाल्या."

"कुठल्या भरल्यास?"

"मापाच्या."

सोनाक्काच्या हातातला पंचा खाली पडला. सत्तरीची बाई, चपला न घालता गल्लीतून धावत सुटली. शाल्मली बघतच राहिली. थोड्या वेळानं ती भिंतीला धरत धरत परत आली.

"दोघींना घिऊन जीप गेली," एवढंच म्हणाली.

"आक्का, काय झालं? काय केलं मी?"

सोनाक्का गादीवर टेकली. धाप लागली होती...

"ते सांगायचं माझं न्हाई. मी म्हनले हुते, तिला इचार."

पंचमी झाली. तो आठवडा शाल्मलीला सरता सरेना. तिला काही कळलं नव्हतं आणि तरी काहीतरी कळलं होतं. गल्लीत हिरवा चुडा दिसला की ती उठून उभी राही. वैजंता पुन्हा या दुकानाची पायरी चढेल का, एवढाच एक प्रश्न तिला खात होता. केंद्राचा रस्ता त्या बाईला दुसरीकडून नव्हता. सासू तिला एकटीला दवाखान्यातसुद्धा जाऊ देत नसे. बांगड्यांना मात्र कुणी नाही म्हणत नाही.

शनिवारच्या बाजारात वैजंता आली. एकटीच होती. दळण टाकून आली होती. उजवा हात पदराखाली.

काच फुटली असं सवाष्णीसमोर म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे सोनाक्कानंच शाल्मलीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"वाढल्या का बांगड्या?" तिनं विचारलं.

वैजंतानं पदर आणखी ओढून घेतला. तिच्या वतीनं सोनाक्का बोलली.

"वाढल्या न्हाईत. फोडल्या."

वैजंतानं पदर बाजूला केला. मनगटाभोवती फडकं होतं, आणि ते सोडलं तेव्हा शाल्मलीनं डोळे मिटून घेतले.

"उघड डोळं," सोनाक्का म्हणाली. "तिला झाकता येत न्हाईत, तर तू कशाला झाकतीस?"

शाल्मलीनं डोळे उघडले.

"तो मनगटच धरतो, ताई," वैजंता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आपण कुणाला रस्ता सांगतो ना, तशी ती सांगत होती. "धरतो आन् पिरगाळतो. सैल असल्या की वर सरकत्यात, न्हाईतर निसटून पडत्यात. मापाच्या असल्या की हातातच फुटत्यात. आन् घरात काचेबिगर चालत न्हाई. मुंढ्या हातानं वाढलं तर सासू ताट सारती."

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत त्या दिवशी?" शाल्मलीनं विचारलं.

"सांगितलं की. सैल द्या म्हनले."

शाल्मलीला वाटलं, जमीन दुभंगावी. पहिला नंबर, सुवर्णपदक, वह्या, सगळं त्या एका वाक्याखाली गेलं.

सोनाक्का सुई घेऊन बसली होती. जखमेत अजून काच होती. दुकानाच्या त्या कोपऱ्यात उजेड असून नसल्यासारखा. सोनाक्कानं चष्मा लावला नाही, दिवा मागितला नाही. वैजंताचा हात मांडीवर घेतला, सुईचं टोक टेकवलं आणि केसाएवढा हिरवा तुकडा अलगद बाहेर काढून तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. वैजंता एकदाही कण्हली नाही.

शाल्मलीला ते तुकडे जवळ वाकूनही धड दिसत नव्हते.

हिला दिसत नाही असं अख्खं गाव म्हणतं... ती म्हातारीच्या डोळ्यांकडं बघत राहिली. ते डोळे घारीसारखे लख्ख होते.

"आजच केंद्रात चला," शाल्मली वैजंताला म्हणाली. "आत्ता. मी येते बरोबर."

वैजंतानं मान हलवली. "पोरीचा दाखला शाळंतनं निघू द्या. दाखल्याबिगर दुसऱ्या शाळंत कोन घेनार तिला? आठ-पंधरा दिस."

शाल्मली आणखी काही बोलणार होती. पुष्कळ बोलता आलं असतं. तिनं ओठ मिटले.

"त्याच्या आत जीवावर बेतलं तर?" सोनाक्कानं विचारलं.

"केंद्राला फोन करीन. शेजारनीचा फोन हाय."

"पण नंबर?" शाल्मली चटकन म्हणाली. "चिठ्ठी देऊ? नको, चिठ्ठी घरात सापडेल..."

"पाठ हाय," वैजंता म्हणाली, आणि डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या हातात नसलेल्या बांगड्या एकेक चढवल्यासारखं करत पुटपुटली, "नऊ... चार... शून्य..."

शाल्मली तिच्या बोटांबरोबर मोजत गेली.

दहा बांगड्या. दहा आकडे. सासू शेजारी बसलेली असताना, तिच्या डोळ्यांदेखत, दर खेपेला. आणि सासू हसत होती की म्हातारीला मोजता येत नाही.

जखमेवर दाबायची हळद संपली होती. ती आणायला शाल्मली बाजारात गेली आणि पाच पावलांवर थबकली.

भाजीवालीनं तराजू उचलला, तशा तिच्या बांगड्या सरकन कोपराकडं गेल्या. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन एक पोरगेली बाई चालली होती, तिच्याही. शाळेतल्या बाई फळं निवडत होत्या, त्यांच्याही. मोटारीतून जरीची साडी उतरली, तिनं पदर सावरला आणि तिच्या सोन्याच्या पाटल्यांमधल्या काचेच्या बांगड्या सैल किणकिणल्या.

त्यातल्या किती नुसत्याच ढगळ आणि किती आक्कानं जाणूनबुजून भरलेल्या, कोण सांगणार? सांगू शकणारी एकच बाई होती आणि ती आंधळी म्हणून प्रसिद्ध होती.

तीच गल्ली, तोच बाजार. दोन महिने शाल्मली तिथून रोज ये-जा करत होती. भर बाजारात ती हात जोडून उभी राहिली. कुणाला जोडले हे तिलाही सांगता आलं नसतं. देवळात कधी असं भरून आलं नव्हतं तिला.

वैजंता गेल्यावर ती सोनाक्काच्या पायाशी बसली.

"गाव तुम्हाला हसतं, आक्का. कासाराचं माप चुकतं म्हणतं. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"हसू दे की," सोनाक्का म्हणाली. "हसनारी सासू बांगड्यांकडं बघत न्हाई."

बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी सकाळी वैजंता दुकानाची पायरी चढली. खांद्याला पिशवी होती. हाताशी नऊ-दहा वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या मुठीत घडी घातलेला शाळेचा दाखला. गल्लीच्या तोंडाशी केंद्राच्या बाई रिक्षा थांबवून उभ्या होत्या.

वैजंता गादीसमोर बसली. हात पुढं केला. मनगटावरची जखम भरत आली होती.

तिनं तो सोनाक्कासमोर केला नव्हता. शाल्मलीसमोर केला होता.

शाल्मलीनं तो हात दोन्ही हातांत घेतला. माप तिला पहिल्याच स्पर्शात कळलं, पण तिनं हात सोडला नाही. बराच वेळ.

मग तिनं विचारलं, "कुठल्या भरू?"

वैजंतानं रिक्षाकडं पाहिलं. मुलीकडं पाहिलं...

"मापाच्या," ती म्हणाली.

शाल्मलीनं दहा बांगड्या भरल्या. जखमेवरून काच नेताना तिनं श्वास रोखून धरला होता. वैजंता उठली, हात हलवून एकदा तो आवाज ऐकला आणि मुलीला घेऊन रिक्षाकडं चालू लागली. सोनाक्का दारात जाऊन उभी राहिली. रिक्षा वळली तरी उभीच होती.

ती परत येऊन बसल्यावर शाल्मलीनं विचारलं, "आक्का, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

सोनाक्काच्या स्वतःच्या बांगड्या कायम कोपरापर्यंत घसरायच्या. म्हातारपणी हात वाळला असेल, असं शाल्मली समजत आली होती. सोनाक्कानं त्या हलकेच वर सारल्या आणि मनगट उजेडात धरलं. त्याच्याभोवती बारीक, पांढऱ्या, फार जुन्या रेघा होत्या. अगदी सारख्या अंतरावर.

"माझ्या लग्नाचा चुडा माझ्या बापानं भरला," ती म्हणाली. "पंचक्रोशीत त्याचं माप कधी चुकलं न्हाई."