ठमाबाईची अर्धी ओवी

विद्येने वाणी शुद्ध होते. परंतु वाणीबरोबर अंतःकरणही शुद्ध झालेच, असे मानणाऱ्याची मोठी फसगत होते. करंजठाण गावी अशीच एक फसगत झाली आणि श्रीभास्करनाथ महाराजांच्या कृपेने तिचे निवारणही झाले.

महाराज त्या काळी गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात राहत असत. मुलूख सपाट, नजर जाईल तिथवर ज्वारीची शेते, टेकडीचा उंचवटा म्हणून नाही. अशा गावात सह्याद्रीच्या कड्यांतून लग्न होऊन आलेली ठमाबाई नावाची धनगरीण होती. नित्य देवापुढे बसून ती स्वतः रचलेली ओवी गाई, पण अर्धीच. एक ओळ म्हणावी, मान किंचित कलती करावी आणि गप्प राहावे!

तिच्या डोंगरावर रीतच तशी होती. एका उतारावरून कुणी ओळ रचून सोडावी, दरीपलीकडून दुसरीने तिला ओळ जुळवून परत पाठवावी. उत्तर येण्याआधी पुढे गाणे म्हणजे दुसरीच्या ताटातला घास उचलणे. ठमाबाईला पलीकडून उत्तर देई ती तिची आई. सासरी निघालेली लेक खिंडीआड दिसेनाशी होईपर्यंत ती माउली कड्यावर उभी राहून गात होती. पुढे आई वारल्याचा निरोप आला, तोही पावसाळा उलटून गेल्यावर. तेव्हापासून ठमाबाईची प्रत्येक ओवी अर्धीच राहिली.

गावचे कीर्तनकार वामनबुवा मोठे व्युत्पन्न. त्यांना हे मुळीच रुचत नसे. "काय गं ठमे, उरलेली ओवी काय कळसावरचा कावळा म्हणणार?" असे ते विचारीत आणि मंडळी खो खो हसत.

ती पदर सावरून म्हणे, "ज्याची हाय त्यो म्हनंल, बुवा. मी कशी म्हनू?"

एके दिवशी व्याकूळ होऊन तिने महाराजांचे पाय धरले. "म्हाराज, हितं डोंगूर न्हाई. माझी हाक मातीतच मुरती. गानं सोडून देऊ का?"

महाराज म्हणाले, "सोडू नकोस, ठमाई. उत्तर देणारा दूर आहे; बहिरा नाही."

चैत्रातला उत्सव आला. सभामंडप भरला असता वामनबुवांनी सर्वांदेखत तिला उभे केले. "आज पुरती ओवी म्हण. नाहीतर उद्यापासून या देवळात गायचे नाही. देवाला अर्धवट नैवेद्य चालत नाही, बाई!" गावच्या पंचांनीही माना डोलावल्या.

ठमाबाईने महाराजांकडे पाहिले. त्यांचे नेत्र मिटलेले होते. दुसरी ओळ जुळवणे तिला जड नव्हते. शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे होते. परंतु ती ओळ आपणच म्हटली की आई खरोखरच गेली, असे तिला वाटले. तिने डोळे पुसले आणि ती गायली,

"डोंगराच्या माथ्यावरी धुकं राखितं मेंढरं..."

आणि थांबली.

कोणीतरी फिसकन हसले. वामनबुवांनी कीर्तनासाठी चिपळ्या उचलल्या. तोच शेतांच्या पार पलीकडून, जिथे केवळ आकाश होते तिथून, एका वृद्धेचा स्वर आला. कड्याकड्यांवर आपटत यावा तसा लांबत, घुमत,

"धुक्याआड उभी आई, तिला दिसती लेकरं!"

"आये!" ठमाबाईच्या तोंडून एवढेच निघाले. धन्य ती माउली, आणि धन्य तिची वाट पाहणे! मंडपात एकही डोळा कोरडा राहिला नाही.

वामनबुवांच्या हातून चिपळ्या गळून पडल्या. ते ठमाबाईच्या पायांशी वाकले.

"अवं बुवा, मला पाप लागंल!" म्हणत ती मागे सरली.

मग महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून बुवा म्हणाले, "महाराज, जन्मभर देवापुढे गात आलो. त्याच्या उत्तरासाठी एकदाही थांबलो नाही."

"मग आता थांबा," महाराज म्हणाले.

वामनबुवांनी एक ओळ म्हटली आणि मान कलती करून ते गप्प राहिले. शेतांवरून नुसता वारा आला. त्यांचे डोळे भरून आले.

महाराजांनी एक हात त्यांच्या मस्तकी ठेवला, दुसरा ठमाबाईच्या. "वाट पाहा, बाळांनो," ते हळूच म्हणाले. "तुमची ओळ त्याला पोहोचली आहे."