होडीवरची खूण

“तलवार दे, नाहीतर तुझी होडी जप्त!” चीनमधल्या एका नदीकाठी एक सरदार गरजत होते आणि म्हातारा नावाडी गेंग हात जोडून विनवत होता.

झालं होतं असं. भर पात्रात सरदारांची तलवार कमरेवरून सटकली आणि डुबुक! साहेब मोठे धोरणी! ती पडली नेमकी तिथे त्यांनी होडीच्या काठावर खंजिराने खूण कोरली. होडी तीराला लागल्यावर म्हणाले, “मार बुडी! खुणेखालीच आहे.”

गेंगने तीन बुड्या मारल्या. हाती आला निव्वळ चिखल!

“सरकार, तलवार मागेच राहिली. होडी पुढे आली.”

“मला शिकवतोस? खूण जागची हललीय का? मग तलवार तूच चोरलीस!”

होडी गेली की घरची चूल थंड! गेंगची लेक सुयिन वल्हं ठेवून पुढे आली.

“बाबा, सरकारांचं बरोबर आहे. पण मग सरकार, ही खूणही बघा.” तिने होडीच्या फळीवरची कोळशाची रेघ दाखवली. त्या घाटाची रीतच होती, उतारू चढला की तिथे रेघ ओढायची. “तुम्ही पलीकडच्या तीरावर चढलात, तेव्हाची ही. हीसुद्धा हललेली नाही. म्हणजे तुम्ही अजून पलीकडेच!”

“खुळी की काय? मी तुझ्यासमोर उभा आहे!”

“मग इकडे आलात कसे?”

“कसे म्हणजे? होडी चालली म्हणून...”

सरदारांची नजर आपल्या खुणेवर गेली. होडीतल्या उतारूंनी हसू दाबायला तोंडावर बाह्या धरल्या.

“होडी चालते, सरकार,” सुयिन म्हणाली. “ म्हणून आम्ही खूण नदीकाठची धरतो. डुबुक झालं तेव्हा ते वाकडं झाड आणि देवळाचं लाल छप्पर एका रेषेत होतं.”

सुयिनने होडी तिथे नेली, लांब काठीचा आकडा पाण्यात फिरवला आणि दुसऱ्याच खेपेला तलवार वर!

सरदार आधी लालबुंद झाले, मग पोट धरधरून हसले. होडी तर सोडलीच, वर गेंगला नवंकोरं शीड दिलं.

“पण पोरी, ही गोष्ट कुणाला सांगू नकोस हं!”

“वीस उतारूंनी ऐकलीय, सरकार! उद्या बाजारभर होणार. तुमचं नाव तेवढं गाळायला लावते!”

चीनमध्ये खुळ्या हट्टाला आजही म्हणतात, ‘होडीवर खूण करून तलवार शोधणं’. सरदारांचं नाव विचाराल, तर कुणालाच ठाऊक नाही. पोरगी शब्दाला जागली!