सहा जागी फाटलेली गोधडी

गोधडी विरते ती मधोमध, अंगाखाली घासून. करंजमाळच्या मोहित्यांची गोधडी मधे धडधाकट आहे आणि काठाला सहा जागी फाटलेली. "दोन टाके का घालत नाही?" असं कुणी विचारलं, की केरबाआबा मोहिते त्या पाहुण्याला आधी खाली बसवतात.

पहिल्या महायुद्धात वाडीतले आठ गडी लढायला इराकातल्या बसऱ्याला गेले होते म्हणे. त्यातला एक गडी पडल्याचा सरकारी लखोटा आला तेव्हा त्याची बायको सरजा रानात एकटी होती. मास्तरांनी बांधावर उभ्या उभ्या कागद वाचला आणि ते गेले. दिवस कलला तरी सरजा तिथंच, हातात विळा. तिची वाचा गेली ती कायमची, असं सांगतात.

तिला घरी आणलं आबांच्या पणजीने, ठकूबाईने. बाई तापट. तिचा थोरला गणपत त्याच पलटणीत होता. उरलेल्या सात घरांतल्या गड्यांचे जुने सदरे गोळा करून तिने गोधडी शिवली आणि मास्तरांना बजावलं, "हितनं म्होरं कागुद ह्या गोधडीवर वाचायचा. सातीजणी बसल्याबिगार नाव काडायचं न्हाई."

उन्हाळ्यात मास्तर दुसरा लखोटा घेऊन देवळात आले. बाया गोल बसल्या, गोधडी सगळ्यांच्या मांड्यांवर. बायजा तेवढी नदीवर धुण्याला गेलेली. मास्तर सगळ्यांकडे बघत होते, ठकूबाईकडे नाही.

मास्तर तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "घरी चला, तिथं सांगतो. बाकीच्यांचा जीव कशाला टांगणीला?"

बाकीच्या सुटल्या असत्या. पण मग पुढच्या खेपेला मास्तर पुन्हा कुणाच्या तरी बांधावर उभे राहिले असते.

"बायजाला येऊ द्या," ती म्हणाली.

एक पोर बायजाला बोलवायला पळालं, पण नदीची वाट लांबची. कागद आपलाच, असं प्रत्येकीला वाटत होतं, आणि कुणाचा ते ठकूबाई एकटीच जाणून होती. बायजा ओल्या लुगड्यानिशी धापा टाकत बसली, तेव्हा मास्तरांनी गणपतचं नाव वाचलं.

ठकूबाई उठायला गेली. सहाजणींनी गोधडी मुठीत धरून तिच्याभोवती आवळली, इतकी की काठ फाटला. आत ती मोठ्याने रडली.

आजही करंजमाळात तसली बातमी आली, की सरपंच नाव पोटात ठेवून देवळात येतो. पलटणीतल्या पोरांच्या घरच्या बाया फाटक्या काठाशी बसतात. ठकूबाई बसली होती त्या शाबूत काठाशी बसायला दुसरं कुणी धजत नाही. ती जागा मोहित्यांच्या सुनेची. आबांचा नातू सध्या सीमेवर आहे.