कानधोंड्यावरचं नाव

बसा पाव्हणं, पण त्या धोंड्यावर नको. अलीकडं पायरीवर बसा. वेशीतल्या या धोंड्याला आम्ही कानधोंडा म्हणतो. वर्षातून एकदा त्यावर दोघंच बसतात, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई आणि हेळवी. तुम्ही कुठले म्हणालात? आडनाव? रागावू नका. मी इथला गुरव. आल्यागेल्याला विचारायची या गावाची जुनी खोड, आणि तिचंही मूळ याच धोंड्यात आहे.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं बायजा नावाची हेळव्याची पोर होती. हेळवी म्हणजे बैलावरून घंटा वाजवत गावोगाव फिरणारे, घराघराच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवणारे. बायजाला लहानपणापासून त्याचंच वेड. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळायच्या आणि ही दारोदार विचारत फिरायची, "तुमच्या आज्याचा आज्जा कोण?" आता असं कुणी विचारायला लागलं, तर माणसाला काय वाटणार? हिचा डोळा नक्की कुणाच्या तरी जमिनीवर! लोकांनी दारं लावून घेतली.

एकट्या गोजराआज्जीनं तिला आत घेतलं. आज्जीचा लेक आणि सून पटकीच्या साथीत गेलेले, आणि तरणा नातू राणू बैलबाजाराला म्हणून गेला तो परतलाच नाही. तिच्यासोबत जात्यावर बसून बायजानं त्या घराच्या पिढ्या पाठ केल्या. पण आज्जीही काही कमी संशयी नव्हती. म्हणाली, "यातलं एक नाव पारावर घ्यायचं नाही बघ. ते घरच्यांनाच ठाऊक असतं. उद्या कुणी आमचा म्हणून आला, तर ओळखायचं कशावरून?" बायजानं जात्याला हात लावून शपथ घेतली.

पुढं बापाचे पाय थकले आणि घंटा बायजाच्या हाती आली. बाई हेळवी म्हणून लोक आधी हसले. तिची जीभ कुठं अडखळेना, तेव्हा गप झाले. गोजराआज्जीच्या पिढ्या ती गावोगावच्या पारावर म्हणायची, ते एक नाव गाळून.

मग बऱ्याच वर्षांनी राणू आला म्हणे! दाढीमिशा वाढलेल्या, चेहरा कोण ओळखणार? आज्जीच्या पायावर पडून त्यानं घडाघडा पिढ्या म्हटल्या. सगळं गाव रडलं. पाडव्याला आज्जीचं रान त्याच्या नावावर करायचं ठरलं. बायजाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्याची पिढ्या म्हणायची चाल तिची, हेल तिचा, श्वास घ्यायच्या जागासुद्धा तिच्याच. घरची माणसं पिढ्या अशा गात नाहीत; हा तिच्याच तोंडून कुठल्याशा पारावर ऐकून आलेला.

पाडव्याला गाव इथं जमलं. बायजा पुढं होऊन म्हणाली, "दादा, जे नाव पारावर घेत नाहीत, ते आज्जीच्या कानात सांग."

झालं! गाव तिच्यावरच उलटलं. "बघा, हिचाच डोळा आहे रानावर! लहानपणापासून आहे!" आज्जीनं हात वर केला, तेव्हा कुठं सगळे थांबले. तो माणूस तिच्याशेजारी या धोंड्यावर बसला आणि तिच्या कानाशी त्यानं नुसतेच ओठ हलवले. आज्जीनं मान डोलवली असती, तर संपलंच होतं. तिनं बायजाकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही सांगितलं यानं."

तो पळाला, तो कुणाच्या हाती लागला नाही. बायजा आज्जीचा हात धरायला गेली, तर आज्जीनं हात ओढून घेतला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. पण आज्जी म्हणून हाक तरी मारत होता. आज तुझी जीभ खोटी पडली असती, म्हणून बोलले."

बायजा तिथंच रडायला लागली. म्हणाली, "दर पाडव्याला येईन. आधी तुला हाक मारीन, मगच घंटा वाजवीन."

आजही पाडव्याला हेळवी घंटेला फडकं बांधून वेशीत येतो. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला "आज्जी" म्हणून हाक मारतो आणि तिच्याशेजारी बसून, एका म्हातारीकडून दुसरीकडं चालत आलेलं ते नाव कानात सांगतो. तिनं मान डोलवली की फडकं सुटतं. ते नाव कोणतं? वा पाव्हणं! आडनाव अजून सांगितलं नाहीत, आणि नाव विचारता?

हल्ली तिथं आमची चुलती बसते. तिला पोरबाळ, नातवंड कुणी नाही. हेळव्यानं हाक मारली की दरवर्षी म्हणते, "नीट ऐकू आलं नाही बाबा, परत मार." तिचे कान चांगले शाबूत आहेत, मला पक्कं ठाऊक आहे. पण गावात कुणी तसं बोलत नाही. तोही परत हाक मारतो.