गोठलेला नळ आणि निवृत्तीचा हुन्नर

घाटमाथ्यावरच्या एका गावात निवृत्ती नावाचा एक हुन्नरी माणूस राहत होता. पंखा असो की पंप, गाव त्याच्याकडेच धाव घेई. "निवृत्तीला येत नाही असं काही नाही," असं लोक म्हणत. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलं.

एका साली कधी नव्हे अशी थंडी पडली. गवतावर बर्फ साचला, लोखंडी नळात पाणी गोठलं. नेमकं त्याच दिवशी निवृत्तीच्या नातवाचं बारसं.

बायको सगुणा म्हणाली, "अहो, ऊन येऊ द्या. नळ आपोआप मोकळा होईल."

"पाहुणे काय उन्हानं हात धुतील?" निवृत्ती म्हणाला.

त्यानं पाणी तापवायची विजेची कांडी काढली आणि फडक्यानं नळाला बांधली. तिचा प्लग मोडलेला. मग त्यानं वायरीची उघडी टोकं भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांत घातली आणि आगकाड्या खोचून घट्ट केली. असं तो नेहमीच करी.

पाणी टपकू लागलं. निवृत्ती ओरडला, "बघ, झालं का नाही? सगुणा, उघड आता नळ!"

पण पाण्याबाहेर तापून कांडी आतून फुटली होती. वीज नळात उतरली होती. सगुणानं ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून नळाला हात लावला, आणि हात तिथंच चिकटला. निवृत्ती तिला ओढायला धावला.

"शिवू नकोस तिला, मुडद्या!" त्याची थोरली बहीण कोंडाक्का ओरडली. तिनं आधी मीटरजवळचा मोठा खटका पाडून घरची वीज तोडली. सगुणा खाली कोसळली. जीव वाचला, पण तळवा भाजला.

दुपारी बारसं झालं. शेजारचे गेनूतात्या हसत म्हणाले, "काय रं निवृत्ती, नातवाचं नाव ठेवायच्या आधी बायकोला पट्टी बांधलीस?"

सगुणा पटकन म्हणाली, "चुलीवर भाजलं, तात्या."

निवृत्तीनं मान खाली घातली. गप्प बसला असता तर अब्रू झाकली गेली असती. पण तो म्हणाला, "चुलीवर नाही. माझ्या हुन्नरानं भाजलं." आणि त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं.

गेनूतात्यांनी हातातल्या घुगऱ्या खाली ठेवल्या आणि ते उठले.

"तात्या, खाऊन तरी जा," निवृत्ती म्हणाला.

"येतो परत. घरी सुनेनं बादलीत कांडी घातलीय. तिचीही वायर तूच जोडून दिली होतीस."

तात्पर्य: विजेपुढे घाई आणि फुशारकी जिवावर बेतते, आणि आपली चूक चारचौघांत कबूल केली, तर दुसऱ्याचं घर वाचतं.