फरदडीचा कापूस

एका जंगलाच्या कडेला काळ्या मातीचा उतार होता, आणि त्या उतारावर एक साळू राहत असे. एकटी, अगदी एकटी! अंगावर काटे असले की शेजारी लांबून बोलतात, जवळ मात्र कोणी बसत नाही. उतारावर प्रत्येक प्राण्याचा कपाशीचा एकेक तुकडा होता. थंडीत बिळात, ढोलीत अंथरायला कापूस लागतो ना, मुलांनो! वेचणी झाली तरी कोणी झाडे उपटत नसे. उभ्या झाडांना मागाहून आणखी थोडी बोंडे धरत. या मागच्या पिकाला म्हणतात फरदड. फुकटचा कापूस कोणाला नको असतो?

पण काही वर्षांपासून बोंडे किडू लागली होती. वरून हिरवीगार, फोडावे तर आत गुलाबी अळी आणि पिवळट, चिकटलेला कापूस. बाकीचे नशिबाला बोल लावून मोकळे झाले. साळूला ते पटेना. फरदडीची किडकी बोंडे तिने एका वाळक्या भोपळ्यात भरली, तोंडावर पिंपळाचे जाळीदार पान बांधले आणि ती वाट पाहत बसली. उन्हाळा सरला, पाऊस झाला, नव्या कपाशीला फुले आली, आणि त्याच सुमारास भोपळ्यात करडे पतंग फडफडू लागले. साळूला इतका आनंद झाला की, तो सांगायला बिळात दुसरे कोणी नाही हेच ती क्षणभर विसरली.

भोपळा घेऊन ती धावत शेजाऱ्यांकडे गेली. "अळी फरदडीत झोपून राहते, नि नवी फुलं आली की पतंग होऊन बाहेर पडते," ती धापा टाकत म्हणाली. "वेचणी झाली की झाडं उपटून टाका!"

ससा पोट धरून हसला. "तुझ्या भोपळ्यातले पतंग तूच सांभाळ, बाई. आम्ही नाही कधी कपाशीत भोपळे ठेवले!"

खार हसली नाही. ती म्हणाली, "फाल्गुनात माझी पिल्लं जन्मतात. तोवर आधीच्या कापसाचा मळून गोळा झालेला असतो. फरदड नसेल, तर त्यांच्या अंगाखाली काय घालू? तुझे काटे?"

साळूच्या ते फार जिव्हारी लागले. ती गुपचूप परतली. त्या थंडीत तिने आपली सारी झाडे मुळासकट उपटली. शेजारी फरदड वेचताना एकमेकांना हाका मारत, चेष्टामस्करी करत; साळूच्या रिकाम्या रानात कोणी डोकावतही नसे. 'पुढच्या वर्षी माझा पांढराशुभ्र कापूस पाहिला, की आपणच येतील,' असे ती स्वतःला समजावी.

पुढच्या वर्षी तिने मोठ्या आशेने पहिले बोंड फोडले. आत गुलाबी अळी! शेजारच्या फरदडीतले पतंग उडत आले होते. पतंगाला का बांध कळतो? साळू तिथेच कपाशीच्या ओळीत बसून रडली. आपले म्हणणे खरे होते, तरी पीक गेले आणि सोबतही नाही, याचे तिला फार दुःख झाले. रडता रडता तिला खारीचे बोलणे आठवले. टोचून बोलली खरी, पण तिने प्रश्न विचारला होता, आणि साळूने त्याला उत्तरच दिले नव्हते. अळीला तिने वर्षभर न्याहाळले होते. खारीची मात्र कधी साधी विचारपूसही केली नव्हती.

वेचणी झाल्यावर तिने अळीतून वाचलेला तेवढा सारा स्वच्छ कापूस बाजूला काढला आणि तो खारीच्या झाडाखाली नेऊन ठेवला. "हा तुझ्या पिल्लांसाठी. वर कोरड्यात ठेव, हात लावू नकोस; फाल्गुनापर्यंत मऊ राहील."

"आणि तू कशावर निजशील?" खारीने विचारले.

"माझी कातडी जाड आहे," साळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खार आपली झाडे उपटायला लागली. तिला ती झेपेनात, तेव्हा साळूने मुळे उकरून दिली. ते पाहून सशाची तारांबळ उडाली. "अरे, उद्या सगळ्यांनीच उपटली नि माझीच फरदड तेवढी उभी राहिली, तर सगळ्या अळ्या माझ्याच माथी!" असे म्हणत त्यानेही झाडे उपटली. सशाचे पाहून बाकीच्यांनीही उपटली. त्या थंडीत साळू उघड्या मातीवर कुडकुडत निजली. तिची चौकशी करायला कोणी आले नाही.

पुढच्या दिवाळीला सारा उतार पांढराशुभ्र झाला. "मी तेव्हाच म्हणालो होतो!" ससा ज्याला त्याला सांगत सुटला. भोपळ्याचे नाव कोणी काढले नाही. साळू नेहमीप्रमाणे आपल्या टोकाला खाली मान घालून वेचत होती. तेवढ्यात खारीची हाक आली, "अगं, एकटी काय वेचतेस? ये आमच्या रांगेला. इथलं झालं, की सगळे मिळून तुझं वेचू."

पतंगांविषयी साळूला किती तरी सांगायचे होते. पण ते सारे बाजूला ठेवून ती उठली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

तात्पर्य : नुसते खरे सांगून भागत नाही, ज्याला सांगायचे, त्याची अडचणही आपली मानावी लागते.