धनेश ‘नाही’ म्हणाला

सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, जुन्या बेहड्याच्या झाडावर, एक धनेश पक्षी आपल्या धनेशिणीसह राहत असे. मुलांनो, या पक्ष्यांची रीत मोठी विलक्षण असते. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि दोघे मिळून ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकतात. चोच जाईल एवढी फट काय ती उरते. आत तिची पिसे झडतात, उडणे बंद होते. मग पिल्लू मोठे होईपर्यंत धनेशाने घशात भरून फळे आणायची आणि त्या फटीतून एकेक करून भरवायची. तो आणील तेवढेच तिला मिळणार.

आपला धनेश कष्टाळू होता, त्याबद्दल त्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण स्वभावाने फार भिडस्त! उंबरावरून घसा गच्च भरून निघाला की वाटेत एक वानर हात पुढे करून बसलेलाच असे. त्याला देऊन पुढे जावे तर खारीकडे पाहुणे आलेले असत, आणि पोपटाचे तर रोजच काही ना काही दुखत असे. कुणी मागितले की याच्या तोंडून ‘नाही’ निघायचे नाही. मग सगळे मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि हाही आनंदाने चढे. मन असावे तर धनेशासारखे, असे कानावर आले की त्याची मान ताठ होई. ढोलीशी पोचेपर्यंत घशात दोन-चार फळे उरलेली असत. यंदा उंबराला फळेच कमी धरली आहेत, असे तो धनेशिणीला बेधडक सांगून टाकी.

पुढे अंड्यातून पिल्लू बाहेर आले. त्याच सुमारास एका दुपारी धनेश घरी आला तो एकच फळ घेऊन. फटीतून चोच बाहेर आली, फळ आत गेले आणि लगेच पिल्लाचा आवाज थांबला. पिल्लू आईच्या वाट्याचेही खाते आहे, हे धनेशाच्या ध्यानात आले.

“तू नाही का खाल्लंस?” त्याने विचारले.

“काल तरी कुठे खाल्लं होतं?” धनेशीण शांतपणे म्हणाली. “सकाळी वानर खाली बसून तुमचं कौतुक करत होता. आत सगळं ऐकू येतं हो. ऐकून मलाही अभिमान वाटला. पण पिल्लाला अभिमान भरवता येत नाही.”

समोरच्या वाळलेल्या चिखलावर धनेशाच्याच चोचीचे ठसे होते. वानर, खार, पोपट हवे तिथे जाऊ शकत होते. या दोघांना मात्र त्यानेच हौसेने आत बंद केले होते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वानराने सवयीने हात पुढे केला. “या दाते, आज काय आणलंत?”

आता हा चिडेल, जंगलभर आपली बदनामी करील, उद्यापासून कुणी आपल्याशी बोलणार नाही, असे काय काय धनेशाच्या मनात येऊन गेले. तरी तो म्हणाला, “नाही. हे माझ्या घरचं आहे.”

वानराने डोळे बारीक केले, अंग खाजवले आणि “बरं” म्हणून तो उठला. चार उड्यांत उंबरावर पोचला आणि बसला फळे खात. उंबर इतके जवळ होते! खारीनेही आपल्या पाहुण्यांची सोय आपणच केली. पोपट तेवढा दिवसभर कुरकुरला, पण त्याचे दुखणे मात्र त्या दिवसापासून बरे झाले. आभाळ काही कोसळले नाही. धनेशाने मात्र त्या दिवशी ढोलीत इतकी फळे भरवली, की शेवटी आतूनच “पुरे” असा आवाज आला. तो शब्द त्याने आजवर कधी ऐकला नव्हता.

काही आठवड्यांनी चिखलाची भिंत आतून फुटली. नव्या पिसांची धनेशीण बाहेर आली आणि तिच्यामागून धष्टपुष्ट पिल्लू. पिल्लाने फांदीवर दोनदा तोल सावरला आणि सरळ दरीवर झेप घेतली. खाली बसलेला वानर पाहतच राहिला. एवढे दणकट पोर कुणाचे, असे त्याने विचारले.

“माझं,” धनेश म्हणाला. कुणीही चढवलेले नसताना त्या दिवशी त्याची मान ताठ झाली होती.

तात्पर्य : जे केवळ आपल्याच भरवशावर आहेत, त्यांच्या तोंडचा घास देऊन मिळवलेली वाहवा म्हणजे औदार्य नव्हे. योग्य वेळी ‘नाही’ म्हणता आले, तरच आपल्या माणसांना पोटभर देता येते.